न बोलणारे चोवीस गुरू

'एआय म्हणजे आपल्या काळातला पंचविसावा गुरू' हे वाक्य वर्षभरात मी तीनदा ऐकलं. एकदा कीर्तनात, एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या तोंडून, आणि एकदा भल्या पहाटे व्हॉट्सॲपवर, खाली औदुंबराचं चित्र लावून. वाक्य ऐकायला गोड आहे. श्रीदत्तप्रभूंनी चोवीस गुरू केले, जिथून मिळेल तिथून ज्ञान घेतलं, मग आपण या नव्या यंत्राकडून घेतलं तर बिघडलं कुठं? कीर्तनात त्यावर टाळ्याही पडल्या. मला मात्र ते पटलेलं नाही. यंत्राचा राग आहे म्हणून नव्हे, तर त्यात चोवीस गुरूंची कथा उलटी सांगितली जाते म्हणून.

कथा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात, सातव्या ते नवव्या अध्यायात ती येते. यदुराजाला एक अवधूत भेटतो. जवळ काही नाही, घरदार नाही, आणि चेहऱ्यावर मात्र तृप्ती. राजा विचारतो, महाराज, हा आनंद आला कुठून? तो अवधूत म्हणजे दत्तात्रेय, ही आपली परंपरा. तो मग एकेक गुरू सांगत जातो. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती. पुढे पिंगळा नावाची वेश्या, बांगड्या उतरवणारी कुमारी, बाण करणारा कारागीर, कोळी, कुंभारीण माशी. यादी आपल्याला पाठ असते, दत्तजयंतीच्या प्रवचनात दरवर्षी येते.

पण एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. या चोवीसांतला एकही गुरू अवधूताशी बोललेला नाही. कबुतर बिचारं पिलांच्या मायेपायी जाळ्यात शिरून मरत होतं, ते काय उपदेश करणार! पिंगळा मध्यरात्रीपर्यंत दारात उभी राहिली आणि जे बोलली ते स्वतःशी. बाण करणाऱ्याला शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेलेली कळली नाही, तिथं हा अवधूत उभा राहून बघतो आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. कुणी सल्ला दिला नाही, कुणी प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. शिकण्याचं सगळं काम शिष्यानंच केलं, आणि अवधूत तसं सांगतोही, की हे गुरू मी माझ्या बुद्धीनं केले.

एआय याच्या नेमकं उलट आहे. ते बोलतं. अर्ध्या प्रश्नाला पूर्ण उत्तर देतं, न विचारलेलंही सांगतं, आणि बघण्याचं काम हळूच आपल्या हातातून काढून घेतं.

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटेल, म्हणून आपल्या शिवारात येतो. वाढोण्याचं (हिमायतनगरचं हे जुनं नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे) शिवार म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. कापसाची काळजी म्हणजे गुलाबी बोंडअळी. तिचा पतंग रात्री फिरतो, म्हणून शेतात कामगंध सापळे लावतात. सापळ्यात मादीच्या वासाची छोटी गोळी असते. नर पतंग त्या वासाला भुलून येतो आणि अडकतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं समजायचं, हा कृषी शास्त्रज्ञांनी घालून दिलेला हिशेब. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेनं त्यासाठी 'कॉटनएस' नावाचं ॲप तयार केलं. सापळा कोऱ्या कागदावर रिकामा करायचा, फोटो काढायचा, फोन पतंग मोजतो आणि फवारा की थांबा ते सांगतो.

पतंग हा दत्तप्रभूंचा गुरू. रूपाला भुलून ज्योतीत पडतो, त्याच्याकडून काय करू नये ते शिकायचं. इथं तो वासाला भुलून सापळ्यात पडतो, आणि त्याच्या मरणावरून माणसानं शहाणं व्हायचं. एवढंच बघितलं तर कथा शोभून दिसते.

आणि यंत्राच्या बाजूनं जे बोलायला पाहिजे ते आधी बोलू. फवारायचं की नाही हा लहान प्रश्न नाही. २०१७ साली पैनगंगेच्या पलीकडं, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. नदी ओलांडली की ते शिवार. एक फवारा वाचला तर पैसा वाचतो हे खरं, पण कधी कधी माणूसही वाचतो. आजवर फवारा हे कोण सांगत आलं? बहुतेक वेळा दुकानदार, ज्याच्याकडं आपली उधारी आहे आणि ज्याच्या मांडणीवर बाटल्या आहेत. सगळेच दुकानदार वाईट नसतात, पण त्याचा पोटाचा प्रश्न त्याच्या सल्ल्यात उतरणारच. फोनला बाटली विकायची नसते. त्याला झोप नाही, भूक नाही, राग नाही. या अर्थानं तो अवधूतासारखाच आहे की, असं कुणी म्हटलं तर मी हसेन, पण लगेच खोडून काढता येणार नाही. राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. 'महाविस्तार' ॲप मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतं. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या उसाच्या प्रयोगाचं नाव तर थेट मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी घेतलं. ज्या गावात कृषी सहायक महिन्यातून एकदा दिसतो, तिथं रात्री दहा वाजता उत्तर देणारं कुणी असणं ही थट्टेची गोष्ट नाही.

तरी अडतं कुठं, ते आमच्या ओळखीच्या एका घरात दिसलं. नातवानं फोनवरच्या एआयला सगळं सांगून विचारलं आणि आजोबांना म्हणाला, "आबा, हे थांबा म्हणायलंय. फवारू नका म्हणायलंय."

आबा म्हणाले, "त्येला इचार, उद्या अळी निघाली तर तू भरशील का म्हणून."

नातवानं खरंच विचारलं. उत्तर मोठ्या अदबीनं आलं, की अंतिम निर्णय आपलाच आहे, जवळच्या कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. आबा म्हणाले, "मग इतका येळ काय बोलायलं व्हतं?"

नंतर ते शेतात गेले आणि हिंडून हिंडून वीस हिरवी बोंडं तोडून फोडली. हीसुद्धा शास्त्रज्ञांचीच शिफारस आहे. एकरी वीस बोंडं फोडायची, दोनात अळी दिसली तर फवारणी करायची. आबांना ती कुण्या शिबिरात कळली होती की अनुभवानं, ते त्यांनाही आठवत नाही. डोमकळी कशी ओळखायची, बोंडाच्या कुठल्या बाजूनं अळी आत शिरते, हे त्यांना बोटांनी कळतं. नातू बांधावर उभा होता. तो फोन बघत होता, आबांच्या बोटांकडं बघत नव्हता.

वीस बोंडांत काय निघालं ते इथं सांगत नाही, कारण त्यावरून यंत्र बरोबर की आबा बरोबर असा निकाल लावण्याचा मोह होतो, आणि प्रश्न तो नाही. यंत्र शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर येईल, उद्या पंच्याण्णव वेळा. प्रश्न भरण्याचा आहे. ज्याला खोटं सांगून काही मिळत नाही, त्याला चुकून काही गमवावंही लागत नाही. दुकानदार निदान पुढच्या हंगामात तोंड चुकवतो.

गुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायात वेदधर्म ऋषी आणि दीपक यांची कथा आहे. गुरूचं राहिलेलं पाप भोगायचं होतं. काशीत राहून, अंगावर कोड घेऊन, आंधळं होऊन. दीपक म्हणाला, ते मीच भोगतो. गुरूनं नाही म्हटलं. आपलं आपणच भोगावं लागतं, शिष्यानं किंवा मुलानं भोगून ते फिटत नाही. दीपकानं मग एकवीस वर्षं सेवा केली. ती कथा आपण गुरुभक्तीसाठी वाचतो. पण तिच्यात हेही आहे, की इतका जीव लावणारा शिष्य समोर असूनही गुरूनं आपला वाटा दुसऱ्यावर टाकला नाही. आपण मात्र आता ठरवणं तेवढं दुसऱ्याला देऊन टाकतो. कुठलं बियाणं, मुलीला कुठल्या कोर्सला घालायचं, सोयरिकीच्या निरोपाला उत्तर कसं लिहायचं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का. भोगणं तर आपल्याच दारात राहतं. ठरवणं आणि भोगणं यांची अशी फारकत झाली की माणसाला आपल्याच आयुष्यात पाहुण्यासारखं वाटू लागतं. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. 'त्यानं सांगितलं म्हणून केलं' हे वाक्य पूर्वी भोंदू बाबांच्या नादी लागलेल्या लोकांच्या तोंडी ऐकू यायचं. ते आता शिकलेल्या, चांगल्या पगारावरच्या पोरांच्या तोंडी येतं.

पगाराचं निघालं म्हणून. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आपल्या भागातल्या कितीतरी घरांत रात्री फोन झाले. दोन एकर विकून, नांदेड-लातूरला क्लास लावून ज्यांनी मुलं पुण्याला पाठवली, त्यांच्या पोटात गोळा आला. कंपनीचं म्हणणं असं, की कारण एआय नव्हे, कामाला लागणारं कौशल्य आणि माणसं जुळत नाहीत. असेल. पण ज्या बापाला कौशल्य म्हणजे काय हे चार वर्षांची फी भरून समजावलं होतं, त्याला आता हे कोण समजावणार? रोजगाराच्या हिशेबात मी फार शिरत नाही, तो माझा विषय नाही. मला त्या बाण करणाऱ्या कारागिराची आठवण येते.

अवधूत एकाग्रता शिकला ती त्याच्याकडून. ध्यान लावून बसलेल्या ऋषीकडून नव्हे. मला हे नेहमी विलक्षण वाटत आलं आहे. पोटासाठी बाण सरळ करणारा एक साधा माणूस, त्याची नजर त्या काडीच्या टोकावर, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून ती नजर बघणारा एक अवधूत. उद्या बाण यंत्रातून सरळ होऊन बाहेर पडले तर? बाण चांगलेच होतील, स्वस्तही होतील. कारागिराला दुसरं काम मिळालं असं समजू. पण अवधूत रस्त्यानं येईल तेव्हा त्याला बघायला काय असेल? बंद पेटी. पेटीत काय चाललं आहे ते पेटी करणाऱ्यांनाही धड सांगता येत नाही.

आपण सगळे काम असंच शिकलो. भाकरी थापणारा आईचा हात, भिंतीला ओळंबा लावणारा गवंडी, सोनाराची फुंकणी, पेटीवर बसलेल्या बुवांची बोटं. यांतल्या कुणीही 'आता मी तुला शिकवतो' असं म्हटलं नाही. ते काम करत होते, आपण बघत होतो. माणूस काम करताना नकळत गुरू होतो. काम पेटीत गेलं की हे न बोलणारे गुरू उठून जातात. म्हणून मला वाटतं, एआयमुळं पंचविसावा गुरू मिळाला की नाही ते पुढं बघू. आधी चोविसातले किती शिल्लक राहिले ते मोजलं पाहिजे. मधमाशी आहे, पण फुलाफुलातून माश्यांनी जमवलेला मध पोळं काढणारा घेऊन जातो, हेही त्याच यादीत सांगितलेलं आहे. या यंत्रात जे शहाणपण भरलं आहे ते लाखो लोकांच्या लिहिण्याबोलण्यातून गोळा केलेलं आहे. त्यात आबांची बोटं नाहीत, कारण आबांनी कधी काही लिहिलं नाही.

शिकणाऱ्या लेकरांचं वेगळं सांगायला पाहिजे. गणिताचा फोटो काढला की पायरीपायरीनं सोडवलेलं उत्तर मिळतं, निबंध मिळतो, वहीत उतरतो. मास्तरांनाही कळतं आणि तेही काही बोलत नाहीत, कारण प्रश्नपत्रिका काढायला तेही तेच वापरतात. याला लबाडी म्हणून सोडून देता येत नाही. मला यावर गुरुचरित्रातली पंचविसाव्या अध्यायापासून पुढं चालणारी कथा आठवते. दोन गर्विष्ठ विद्वान जयपत्रं मिरवत गाणगापुरी आले आणि वाद घाला म्हणून हटून बसले. श्रीनृसिंहसरस्वतींनी वाटेनं जाणाऱ्या एका माणसाला बोलावलं, जमिनीवर सात रेषा काढल्या, एकेक ओलांडायला सांगितली. एकेक रेषेला त्याला एकेक मागला जन्म आठवत गेला. सातवी ओलांडल्यावर त्याच्या अंगावर विभूती टाकली आणि तो वेद म्हणायला तयार झाला. विद्वान लटपटले. त्या माणसाच्या जातीबद्दल ग्रंथात जे येतं ते आज वाचताना घशाशी अडकतं, आणि अडकलंच पाहिजे. पण मला आज सांगायचा आहे तो पुढचा भाग. पुढं त्याच्या अंगावर पाणी ओतून ती विभूती धुतली, आणि त्याला त्यातलं काही आठवेना. मी इथं कसा आलो, असं विचारून तो बायकामुलांबरोबर घरी गेला.

लहानपणी मला या माणसाची दया यायची. एवढं आलं आणि एवढं गेलं. आता वाटतं, ती श्रीगुरूंची लीला होती आणि तिचं प्रयोजन वेगळं होतं, गर्व उतरवण्याचं. पण आपण आपल्या लेकरांच्या अंगावर रोज अशी विभूती टाकतो आहोत आणि प्रयोजन काहीच नाही. परीक्षेच्या दारात फोन काढून घेतात. ते पाणी.

आता दत्तभक्तांच्या अगदी घरातली गोष्ट. गेल्या वर्षी जयंतीच्या आधी मला एक संदेश आला. दत्तप्रभूंचं चित्र, हात मोजले तर सात. खाली चार ओव्या, शेवटी 'एका जनार्दनी'. ओव्या गोड होत्या, यमकं जुळलेली, भाव भक्तीचा. मला त्या ओळखीच्या वाटेनात. पाठवणारा मुलगा गावातलाच, पुण्यात नोकरीला. त्याला विचारलं, कुठल्या अध्यायातल्या? तो म्हणाला, "काका, एआयनं दिल्या. नाथांच्या ओव्या दे म्हटलं तर दिल्या."

यात यंत्र खोटं बोललं असंही म्हणता येत नाही. ते शब्दामागून कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, याच्या हिशेबावर चालतं. नाथांच्या ओव्यांसारखं काही मागितलं की तसं काहीतरी जुळवून देतं. खोटं बोलायला खरं काय ते माहीत असावं लागतं. मी त्या मुलाला कळवलं, की या ओव्या नाथांच्या दिसत नाहीत. त्याचं उत्तर आलं, "पण अर्थ तर चांगला आहे ना, काका?"

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अर्थ चांगला असेल, वाचणाऱ्याचे हात जोडले जात असतील, तर लिहिणारा नाथ आहेत की यंत्र, काय फरक पडतो? भक्ती तर खरी आहे.

याचं उत्तर खुद्द नाथांनी कृतीनं देऊन ठेवलं आहे. जनार्दनस्वामींच्या या शिष्यानं शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या हाताखालून हात गेलेल्या प्रती गोळा केल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि पाठ शुद्ध केला. ज्यांनी त्यात आपल्या ओव्या घुसडल्या होत्या ते काही नास्तिक नव्हते. भक्तच होते. त्यांच्या ओव्यांचे अर्थही चांगलेच असतील. तरी नाथांनी त्या काढल्या, आणि पुढं कुणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी मिसळली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखं होईल असं बजावलं. स्वतः इतके मोठे कवी, मनात आणलं असतं तर माउलींच्या तोडीची ओवी त्यांना जमली नसती असं नाही. पण ती माउलींची झाली नसती. ओवीच्या मागं कुणीतरी जगलेलं असतं. पैठणच्या वाळवंटात तापलेलं महाराचं पोर कडेवर घेतलेला माणूस जेव्हा भूतदयेबद्दल लिहितो, तेव्हा त्या शब्दाला जे वजन येतं ते जुळवून आणता येत नाही. वाचणाऱ्याला कळो न कळो, ते वजन त्याच्या मनावर पडतंच.

या अंकाच्या संपादक मंडळींना माझी विनंती आहे, की ओवी छापताना अध्याय आणि ओवी क्रमांक मागून घ्यावा, आणि घरच्या पोथीत उघडून पाहावा. फोनमध्ये शोधून चालायचं नाही, कारण तो शोध आता तेच यंत्र करून देतं.

त्या चार ओव्या मी मात्र शोधल्या. न जाणो, माझी नजर चुकली असेल. कपाटातलं एकनाथी भागवत काढलं, पुठ्ठा सुटलेला, वडिलांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा असलेलं. सातवा अध्याय चाळला, आठवा चाळला. नवव्यात बाण करणाऱ्यापाशी आलो आणि चाळणं थांबलं. दिवेलागणीला बसलो होतो. घरातल्यांनी दोनदा जेवायला हाक मारली म्हणे. ओव्या काही सापडल्या नाहीत. अध्याय वाचून झाला.